लेकराची वेणी घालणारा नायक

आज आपण कादंबऱ्यांमधल्या एका खास नायकाबद्दल बोलणार आहोत. इंग्रजी प्रेमकादंबऱ्यांमध्ये हा माणूस अलीकडे पुन्हा पुन्हा भेटतो. त्याची बायको वारलेली असते, नाहीतर सोडून गेलेली असते. पदरी एक लहान लेकरू असतं. तो त्याचा डबा भरतो, ताप आला की रात्र जागून काढतो, लेकीची वाकडीतिकडी का होईना, पण वेणी घालतो. गोष्टीतली नायिका त्याच्यावर जीव लावते. अशी पुस्तकं वाचणाऱ्या बहुतेक बायकाच असतात. त्यांना हा नायक एवढा का आवडतो? हे समजायला थोडं मागं जावं लागेल.

आधी आपल्याच घरात बघू. बायको वारलेल्या नवरदेवाला आपल्याकडे बिजवर म्हणायचे. बिजवराला मुलगी मिळायला अडचण नसायची. १८७३ साली रमाबाईंचं लग्न महादेव गोविंद रानड्यांशी झालं. त्या ११ वर्षांच्या होत्या, रानडे ३१ वर्षांचे. रानड्यांनी बायकोला शिकवलं, म्हणून रमाबाई पुढं मोठं काम करू शकल्या. सगळ्यांच्या वाट्याला असं नशीब कुठून येणार? १८९९ साली गोविंद बल्लाळ देवलांचं ‘संगीत शारदा’ हे नाटक रंगभूमीवर आलं. म्हातारा भुजंगनाथ कोवळ्या शारदेशी लग्न करायला निघतो, आणि तिचा बाप पैशाच्या लोभानं तयार होतो, अशी ती गोष्ट.

बिजवराच्या घरी पहिलीची लेकरं असली, तर ही पोर स्वतः खेळायच्या वयात त्यांची आई व्हायची. त्यांचं खाणंपिणं, दुखणंखुपणं सगळं तिच्या गळ्यात पडायचं. हा माणूस आपल्या लेकरांशी कसा वागतो, हे बघून लग्न ठरवायची सोय तिला नव्हतीच. उलट बाई विधवा झाली, तर कितीतरी घरांत तिचं केशवपन व्हायचं आणि जन्म कोपऱ्यात जायचा. १८५६ चा विधवाविवाहाचा कायदा होता, पण तो बहुतेक कागदावरच राहिला.

तिकडं इंग्लंडमध्ये फार वेगळं होतं असं समजू नका. तिथं कायद्यानं लेकरं बापाची. कॅरोलाइन नॉर्टन नावाच्या लेखिकेच्या नवऱ्यानं १८३६ साली तिची तिन्ही मुलं तिच्यापासून तोडली. तिनं लेख लिहून, खासदारांच्या मागं लागून आवाज उठवला. १८३९ साली कायदा झाला आणि सात वर्षांखालच्या लेकरांचा ताबा मागायला आईला कोर्टात जाता येऊ लागलं. तोपर्यंत हक्क सगळा बापाचा, आणि ढुंगण धुण्यापासूनचं काम आईचं नाहीतर दाईचं.

अशा काळात, १८६१ साली, एका बाईनं ‘सायलस मार्नर’ ही कादंबरी लिहिली. तिचं खरं नाव मेरी ॲन इव्हान्स, पण ती जॉर्ज इलियट या पुरुषी नावानं लिहायची. सायलस हा एकटा राहणारा विणकर. त्याचं साठवलेलं सोनं चोरीला जातं. मग एका थंडीच्या रात्री सोनेरी केसांची एक लहान पोर दुडूदुडू चालत त्याच्या चुलीपाशी येते. तिची आई बाहेर बर्फात मरून पडलेली असते. सायलस त्या पोरीला वाढवतो. शेजारची डॉली त्याला लेकराला न्हाऊ कसं घालायचं, कपडे कसे घालायचे ते शिकवते. सोळा वर्षांनी त्या मुलीचा खरा बाप पुढं येतो. तो गावचा श्रीमंत जमीनदार. मुलगी त्याला नाही म्हणते. ज्यानं वाढवलं तोच माझा बाप, असं तिचं म्हणणं. कायद्याला जे सुचलं नव्हतं ते या गोष्टीनं सांगितलं: बापपण जन्म दिल्यानं मिळत नाही, ते करावं लागतं.

ही प्रेमकथा नव्हती. प्रेमकथांचा मोठा बाजार पुढं उभा राहिला. लंडनची ‘मिल्स अँड बून’ कंपनी १९०८ ची, कॅनडाची ‘हार्लेक्विन’ १९४९ ची. १९७१ साली दोन्ही एक झाल्या. त्यांच्या जुन्या पुस्तकांतला नायक बहुतेक वेळा पैसेवाला, तोऱ्यात वागणारा असायचा. नंतर बायका मोठ्या संख्येनं नोकरीला लागल्या, घटस्फोट वाढले, एकट्यानं मूल वाढवणारे बापही दिसू लागले. मग गोष्टीतला नायकही बदलू लागला. नोरा रॉबर्ट्स या अमेरिकन लेखिकेच्या १९९० च्या ‘टेमिंग नताशा’ कादंबरीत नायिकेचं खेळण्यांचं दुकान आहे. तिच्या आयुष्यात येणारा स्पेन्स हा विधुर, लहान मुलीचा बाप. आपल्या लेकीकडं आपलं आधी लक्ष नव्हतं, ही बोच त्याला आहे, आणि आता तो बापपण शिकतोय.

बायकांना यात काय सापडतं? जॅनिस रॅडवे या अभ्यासक बाईंनी अमेरिकेतल्या एका गावात प्रेमकादंबऱ्या वाचणाऱ्या बायकांशी बोलून १९८४ साली पुस्तक लिहिलं. त्या बायकांचं म्हणणं होतं, की पुस्तक हातात असतं तेवढा वेळ फक्त आमचा. दिवसभर आम्ही सगळ्यांचं करतो, आमचं कोण करतं? त्यांना नायक हळवा, काळजी घेणारा हवा होता.

एकट्या बापाच्या गोष्टीत ही काळजी डोळ्यांनी दिसते. तोंडचं गोड बोलणं कुणालाही जमतं. आजारी लेकराची उलटी पुसणारा हात मात्र खोटं बोलत नाही. बिजवराच्या घरी मुलीला पाठवायचे ते हीच कामं करायला. इथं तो ती आधीच करतोय, आणि नायिका बघून, पारखून ठरवते. मला वाटतं, सगळी गोडी या उलटापालटीत आहे.

पण एक खोच आहे. २०१९ च्या सरकारी पाहणीत दिसलं, की आपल्या देशात घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष घरकाम करतात त्यांची ९७ मिनिटं. म्हणजे बाईचे पाच तास, पुरुषाचा दीड. त्यामुळं बापानं एक वेणी घातली की कौतुक, आईनं जन्मभर घातल्या तरी त्याची मोजदाद नाही. शिवाय पदरी लेकरू असलेला विधुर गोष्टीत नायक होतो. पदरी लेकरू असलेली विधवा आपल्या गावात काय होते? तिनं पुन्हा लग्नाचा विचार केला, तर तिच्याबद्दल आपणच काय बोलतो?

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या गटाच्या बैठकीत हा विषय जरूर काढा. आपल्या गावात लेकरांचं सगळं करणारा एखादा बाप आहे का, हे आठवा. आणि एकटीनं लेकरं वाढवणाऱ्या बायका किती आहेत, तेही मोजा. त्यांची नावं घ्या. त्यांची गोष्ट लिहायची अजून राहिली आहे.