बंद मोटारीतील शांतता

आरंभीच्या बहुतेक मोटारी उघड्या असत. ऊन व धूळ सोसावी लागे, पण आवाज वाऱ्यावर विरून जाई. पहिल्या महायुद्धानंतर बंद मोटारींचा प्रसार झाला आणि आतल्या आत लाकडी सांगाडा करकरू लागला, पत्रा ढोलासारखा घुमू लागला.

यावर वैमानिक चार्ल्स वेमान यांनी १९२० नंतर एक उपाय योजिला. सांगाड्यातील लाकूड लाकडास टेकू न देता त्यांनी सांध्यांत पोलादी पट्ट्या घातल्या आणि बाहेरून पत्र्याऐवजी कापसाच्या थरावर चामड्यासारखे कापड ताणून बसविले. मोटार शांत झाली. परंतु कापड टिकाऊ नव्हते आणि साच्यात दाबून घडविलेले पोलादी सांगाडे स्वस्त पडू लागले. १९३५ च्या मोटारींत जनरल मोटर्सने छप्परही अखंड पोलादी केले. मजबुती वाढली, पण पोलाद घुमे आणि उन्हात तापे.

म्हणून पोलादाला आतून अस्तर आले. डांबरी थर पत्र्याचे कंपन शोषून घेतो. नमद्यात कोंडलेली हवा उष्णता अडविते. आजही मोटारीला अस्तर लावताना ही दोन्ही कामे निराळी समजावी लागतात. नुसता नमदा चिकटविला, तर ऊन काहीसे अडते, पत्रा मात्र घुमतच राहतो.