एक नदी, दोन खाती

अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यासारख्यांच्या कानावर सरकारी उधळपट्टीची चर्चा सारखी येते. एकच काम दोन खाती करतात. एक बंद करा, पैसे वाचतील. कॅलिफोर्नियातल्या किंग्ज नदीची गोष्ट वाचली की हा हिशेब इतका सोपा राहत नाही.

सिएरा नेवाडातून उतरणारी ही नदी फ्रेझ्नोच्या आसपासची शेती भिजवते. तिच्यावर पाइन फ्लॅट इथे धरण हवे, हे दोन सरकारी खात्यांना मान्य होते. प्रश्न होता तो कोणी बांधायचे हा. लष्कराचे अभियंता दल म्हणे, हे पूरनियंत्रणाचे काम. ब्युरो ऑफ रेक्लमेशन म्हणे, हे सिंचनाचे. १९४० मध्ये दोघांचे वेगवेगळे अहवाल काँग्रेसपुढे आले. एका धरणासाठी करदात्याने दोनदा खर्च केला.

वरवर पाहता हा खात्यांमधला हेवादावा. पण मूळ जमिनीत होते. १९०२ च्या कायद्याप्रमाणे ब्युरोच्या प्रकल्पाचे पाणी एका मालकाला १६० एकरांपुरतेच मिळे. धरण अभियंता दलाकडे गेले तर ही अट टळेल, अशी बड्या जमीनदारांची अपेक्षा होती. राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट ब्युरोच्या बाजूचे होते, तरी १९४४ मध्ये काँग्रेसने काम अभियंता दलाला दिले. १९५४ मध्ये धरण पूर्ण झाले.

दरम्यान १९४७ मध्ये सरकारी कारभाराची फेररचना सुचवण्यासाठी माजी राष्ट्राध्यक्ष हर्बर्ट हूवर यांच्या अध्यक्षतेखाली आयोग बसला. १९४९ च्या त्याच्या शिफारशींमधून जनरल सर्व्हिसेस ॲडमिनिस्ट्रेशन उभे राहिले. सरकारी खरेदी, इमारती आणि दप्तरे एका छताखाली आली. अभियंता दलाची नद्यांवरची कामे काढून ब्युरोच्याच पालक खात्यात, म्हणजे डिपार्टमेंट ऑफ द इंटीरियरमध्ये न्यावीत, असेही आयोगाने सुचवले होते. ते झाले नाही. पाइन फ्लॅट आजही अभियंता दलाकडेच आहे.

टेबलखुर्च्यांची खरेदी एकत्र केल्याने कोणाचे पाणी तुटत नव्हते. धरणांच्या बाबतीत मात्र प्रत्येक खात्यामागे त्याचे लाभार्थी उभे होते, आणि कोणते खाते उरणार यावर कोणता नियम उरणार हे ठरत होते.

म्हणून बंद करायच्या योजनांची यादी पुढे आली की वाचणाऱ्या रकमेशेजारी आणखी एक रकाना आखावा: या खात्याबरोबर कोणती अट जाणार आहे, आणि ती कोणाला नकोशी होती?