बुडबुड्यांची चाकरी

आगबोटींचे पंखे पाण्यांत कुरतडले जात. इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रेले यांनीं १९१७ सालीं गणितानें दाखविलें कीं, पाण्यांतील पोकळ बुडबुडा मिटतांना क्षणभर प्रचंड दाब उत्पन्न होतो. त्याच सुमारास फ्रान्समध्यें लांझव्हँ यांनीं पाणबुड्यांच्या शोधार्थ स्फटिक कंपित करून कानास न ऐकूं येणारा ध्वनि पाण्यांत सोडला. पुढें या दोहोंचा संयोग झाला. आज जुन्या मोटारीचा दुर्मिळ कार्ब्युरेटर साबणाच्या कोमट पाण्यांत ठेवून सेकंदास सुमारें ४०,००० कंपनें दिलीं म्हणजे असंख्य सूक्ष्म बुडबुडे, ब्रशाचा केसहि न शिरणाऱ्या छिद्रांतील मळ उखडून काढतात. मात्र वेळेचें भान सुटल्यास तेच अ‍ॅल्युमिनिअमचा पृष्ठभागहि कुरतडतात. चाकराचा मूळ स्वभाव विसरून चालत नाहीं.