फिजीला कमी खर्चात जायचंय? आधी बोटीचा हिशेब करा, मग खोलीचा

निळंशार पाणी, नारळाची झाडं, गवताने शाकारलेली झोपडी आणि खाली लिहिलेलं असतं, 'इथे राहायला फक्त इतके डॉलर'. फिजीचे असे रील्स तुम्हीही सेव्ह करून ठेवले असतील. त्यातला खोलीचा दर बहुतेक वेळा खराही असतो. पण त्या झोपडीपर्यंत पोहोचायला किती लागतात आणि तिथे दोन वेळ जेवायला किती, हे रीलमध्ये येत नाही. फिजीत बजेट कोलमडतं ते नेमकं इथेच.

स्वस्तात फिजी बघता येतं का? येतं. त्यासाठी तिथला खर्च कसा वाढत जातो, ते आधी समजून घ्यावं लागतं.

फिजी म्हणजे नेमकं कुठे?

दक्षिण प्रशांत महासागरात, ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला आणि न्यूझीलंडच्या उत्तरेला ३०० हून जास्त बेटांचा हा देश आहे. त्यातल्या सुमारे ११० बेटांवर माणसं राहतात. लोकसंख्या साधारण ९ लाख. विटी लेवू हे सर्वांत मोठं बेट. त्याच्या पूर्व किनाऱ्यावर राजधानी सुवा आहे आणि पश्चिमेला मुख्य आंतरराष्ट्रीय विमानतळ असलेलं नांदी शहर.

नकाशावर या शहराचं नाव 'नाडी' असं वाचलं जातं, पण उच्चार 'नांदी' आहे. फिजीच्या भाषेत इंग्रजी 'डी' अक्षराचा उच्चार 'न्द' होतो, 'सी'चा 'थ' आणि 'क्यू'चा 'ङ्ग'. म्हणून 'मामानुका' दिसणारी बेटं प्रत्यक्षात 'मामानुथा' असतात. बस विचारताना हे कामी येतं.

भारताहून फिजीचं घड्याळ साडेसहा तास पुढे आहे. चलन फिजी डॉलर. दर बदलत राहतो, पण एका डॉलरला ४० रुपये धरले तर हिशेब सोपा होतो.

खर्च नेमका कुठे होतो?

विमानाचं तिकीट सोडलं तर तीन गोष्टींवर: बोट, जेवण आणि खोली. यात खोलीचा नंबर बऱ्याचदा शेवटचा लागतो.

नांदीच्या वायव्येला मामानुथा आणि त्यापुढे यासावा ही बेटं आहेत. रील्समधले बरेचसे किनारे इथलेच. तिथे जाणारी मोठी प्रवासी बोट नांदीजवळच्या डेनाराऊ बंदरातून रोज सकाळी निघते, वाटेतल्या बेटांवर प्रवासी सोडत यासावाच्या उत्तरेला जाते आणि संध्याकाळपर्यंत परत येते. बेट जितकं लांब तितकं तिकीट महाग. उत्तरेकडच्या बेटांसाठी एका बाजूचं भाडं १०० डॉलरच्या बरंच वर जातं.

दुसरा मुद्दा जेवणाचा. छोट्या बेटावर ना दुकान असतं ना खानावळ. त्यामुळे राहण्याच्या ठिकाणीच तीन वेळचं जेवण घ्यावं लागतं आणि त्याचा रोजचा ठरावीक दर असतो. सामायिक खोलीतल्या एका खाटेच्या भाड्यापेक्षा हा दर जास्त असू शकतो.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त समजण्यासाठी आहेत. समजा खाट ५० डॉलर, जेवण रोज १०० डॉलर आणि बोटीचं येण्या-जाण्याचं भाडं ३०० डॉलर.

- २ रात्री राहिलात तर एकूण ६०० डॉलर, म्हणजे एका रात्रीला ३०० डॉलर (१२ हजार रुपये).
- ६ रात्री राहिलात तर एकूण १,२०० डॉलर, म्हणजे एका रात्रीला २०० डॉलर (८ हजार रुपये).

खाट तीच, जेवण तेच. फरक पडला तो बोटीच्या भाड्यामुळे. म्हणून धावती भेट देऊन परतण्यापेक्षा एका-दोन बेटांवर निवांत राहणं परवडतं. अनेक बेटं बघायचीच असतील, तर ठरावीक दिवस कितीही वेळा चढ-उतार करता येणारा बोटीचा पास मिळतो. त्याची किंमत आणि सुट्या तिकिटांची बेरीज शेजारी शेजारी मांडून बघा.

राहायचं कुठे? चार पर्याय

१. नांदीची वाइलोआलोआ किनारपट्टी: विमानतळापासून जवळ आणि बॅकपॅकर मंडळींचा नेहमीचा अड्डा. सामायिक खोल्यांची बरीच हॉस्टेल्स इथे आहेत. वाळू मात्र करड्या रंगाची आहे, रीलमधली पांढरी नाही. पहिल्या आणि शेवटच्या रात्रीसाठी ही जागा सोयीची. बरीच हॉस्टेल्स विमानतळावर गाडी पाठवतात, आरक्षण करताना विचारून घ्या.

२. कोरल कोस्ट: विटी लेवूचा दक्षिण किनारा. इथे बोट लागतच नाही. नांदी ते सुवा जाणाऱ्या बसेस याच रस्त्याने जातात आणि बसचं भाडं बोटीच्या तुलनेत अगदी किरकोळ असतं. आलिशान रिसॉर्ट्सच्या अधेमधे साधी गेस्टहाउसही आहेत. बाहेर जेवायची सोय असल्याने रोजच्या जेवणाची सक्ती नसते. ओहोटीला पाणी फार उथळ होतं, त्यामुळे पोहण्यासाठी भरतीची वेळ बघावी लागते.

३. यासावा बेटं: १९८७ पर्यंत सरकारच्या धोरणामुळे पर्यटकांना या बेटांवर मुक्काम करता येत नव्हता. नंतर गावकऱ्यांनी आपापल्या जमिनीवर छोट्या झोपड्या उभारल्या. अशा झोपडीला 'बुरे' म्हणतात. काही ठिकाणी वीज फक्त जनरेटर किंवा सौर पॅनलवर चालते, आंघोळीला गार पाणी असतं आणि प्यायचं पाणी विकत घ्यावं लागू शकतं. एटीएम नाहीत, म्हणून नांदीतूनच रोख पैसे न्या.

४. गावातलं होमस्टे: कुटुंबासोबत राहायचं, त्यांच्याबरोबर जेवायचं. चारही पर्यायांमध्ये गावातल्या घरापर्यंत पैसा सर्वांत थेट पोहोचतो तो इथे.

शाकाहारी लोकांचं काय?

इथे फिजी आणि भारताचं जुनं नातं मदतीला येतं. १४ मे १८७९ रोजी 'लिओनिडास' हे जहाज भारतीय मजुरांना घेऊन फिजीत आलं. १९१६ पर्यंत ६० हजारांहून जास्त भारतीयांना ब्रिटिशांनी उसाच्या मळ्यांत राबायला करारावर तिथे नेलं. 'अ‍ॅग्रीमेंट'चा अपभ्रंश होऊन शब्द झाला 'गिरमिट', आणि हे लोक 'गिरमिटिया'. त्यांच्या वंशजांची फिजी हिंदी प्रामुख्याने अवधी आणि भोजपुरीतून घडली आहे. त्यामुळे मोडकीतोडकी हिंदी बोलणाऱ्यांचंही नांदी, लौतोका आणि सुवा या शहरांत काम भागतं.

खिशाच्या दृष्टीने याचा अर्थ सोपा आहे. शहरांतल्या साध्या खानावळीत डाळ, भात, भाजी आणि रोटी मिळते. भाजी भरून गुंडाळलेली रोटी, जिला तिथे 'रोटी पार्सल' म्हणतात, हे सर्वांत स्वस्त जेवण.

बेटांवर मासळीचा भर असतो, पण सोबतच्या गोष्टी कोकणातल्या माणसाला ओळखीच्या वाटतील: अळकुड्यांच्या जातीचा 'दालो', नीरफणस, आणि ज्यापासून साबुदाणा बनतो तो कसावा कंद. अळूची पानं नारळाच्या दुधात शिजवून 'रोरो' करतात. शाकाहारी असाल तर आरक्षण करतानाच कळवा. बेटावर पोहोचल्यावर सांगितलं, तर स्वयंपाकघरात पर्यायी सामानच नसतं.

कमी खर्चात करायचं काय?

- सिंगातोकाचे वाळूचे डोंगर: फिजीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान. बस अगदी दारात थांबते. ठरावीक प्रवेश शुल्क भरून पायवाटेने फिरता येतं. इथे २,६०० वर्षांपूर्वीच्या लापिता संस्कृतीची मातीची भांडी सापडली आहेत.
- नातांदोला: विटी लेवूवरचा पांढऱ्या वाळूचा किनारा. दिवसभर जाऊन परत येता येतं.
- नांदीचं सुब्रमण्यम स्वामी मंदिर: दाक्षिणात्य शैलीचं रंगीबेरंगी गोपुर. अंगभर कपडे हवेत.
- सुवाचं फिजी म्युझियम: गिरमिटियांचा इतिहास इथे आहेच, शिवाय १७८९ च्या बंडामुळे गाजलेल्या 'बाउंटी' जहाजाचं सुकाणूही आहे.
- स्नॉर्केलिंग: यासावात किनाऱ्यावरून चालत पाण्यात शिरलं तरी प्रवाळ दिसतात. स्वतःचा मास्क नेला तर रोजचं भाडं वाचतं. प्रवाळावर उभं राहू नका. पाय कापतोच, आणि वर्षानुवर्षं वाढलेलं प्रवाळ क्षणात मोडतं.
- मांटा रे: मे ते ऑक्टोबर या काळात नाविती आणि द्रावाङ्गा बेटांमधल्या खाडीत हे महाकाय मासे येतात. यासाठी वेगळे पैसे पडतात, पण एका गोष्टीवर खर्च करायचाच असेल तर ही चांगली निवड आहे.

स्थानिक बससाठी एक सूचना: ड्रायव्हरला रोख पैसे चालत नाहीत, ई-ट्रान्सपोर्ट कार्ड लागतं. पोहोचल्यावर आधी ते घ्या.

'मोकळा' किनारा खरंच मोकळा असतो का?

फिजीतली सुमारे ८७ टक्के जमीन मूळ निवासी 'ईतौकेई' समाजाच्या कुळांच्या सामूहिक मालकीची आहे. या कुळाला 'मातांगाली' म्हणतात. ही जमीन विकत घेता येत नाही, फक्त भाडेपट्ट्याने मिळते. समोरच्या समुद्रातही मासेमारीचे पारंपरिक हक्क असतात. म्हणजे रिकामा दिसणारा किनारा, धबधबा किंवा टेकडीची वाट कुठल्या ना कुठल्या गावाची असते. तिथे मागितलेले पाच-दहा डॉलर ही फसवणूक नाही, गावाचं उत्पन्न आहे.

गावात जाताना पाहुण्याने मुखियाला यांगोनाची, म्हणजे काव्याची मुळं भेट द्यायची पद्धत आहे. हिला 'सेवूसेवू' म्हणतात. मुळांची जुडी नांदीच्या बाजारात मिळते. मग त्याच मुळांचं पेय नारळाच्या करवंटीतून दिलं जातं. घेण्याआधी एक टाळी, पिऊन झाल्यावर तीन. चव मातकट असते आणि जीभ थोडी बधिर होते.

टोपी आणि गॉगल गावाबाहेरच काढा, खांदे आणि गुडघे झाकलेले ठेवा, कुणाच्या डोक्याला हात लावू नका. रविवारी लोक चर्चमध्ये असतात, त्या दिवशी गावात शक्यतो जाऊ नका. फोटो विचारून काढा, रीलसाठी तर नक्कीच. भेटल्यावर 'बुला', निघताना 'विनाका' (धन्यवाद) म्हटलं की चेहरे खुलतात.

कधी जावं?

मे ते ऑक्टोबर हा कोरडा हंगाम, गर्दीही तेव्हाच. नोव्हेंबर ते एप्रिल पावसाचा आणि चक्रीवादळांचा. या काळात दर उतरतात, पण बोटी रद्द होऊ शकतात. फेब्रुवारी २०१६ मधल्या विन्स्टन वादळात फिजीत ४४ जणांचा जीव गेला होता. मे आणि ऑक्टोबर हे कडेचे महिने हवामान आणि खिसा, दोन्हींच्या मधले आहेत. कधीही गेलात तरी परतीच्या विमानाच्या आदली रात्र विटी लेवूवरच काढा. बोट चुकली आणि विमानही गेलं, तर आठवडाभर वाचवलेले पैसे एका दिवसात जातील.

कागदपत्रांचं काय?

भारतीय पासपोर्टधारकांना फिजीसाठी आधी व्हिसा काढावा लागत नाही. पोहोचल्यावर ४ महिन्यांपर्यंतचा पर्यटक परवाना मिळतो. परतीचं तिकीट, पुरेसे पैसे आणि किमान ६ महिने वैध पासपोर्ट हवा. नियम बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी फिजीच्या इमिग्रेशन विभागाची वेबसाइट बघा.

खरी गोम वाटेत आहे. भारतातून थेट विमान नाही. ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडमार्गे गेलात तर तिथला ट्रान्झिट व्हिसा लागू शकतो. सिंगापूर किंवा हाँगकाँगमार्गे एकाच तिकिटावर, विमानतळाबाहेर न पडता गेलात तर हा खर्च सहसा टळतो. स्वस्त दिसणारं तिकीट या एका कारणाने महाग पडू शकतं.

आणि बॅगेतली लोणची, चिवडा, लाडू? फिजीचे जैवसुरक्षा नियम कडक आहेत. खाण्याचे सगळे पदार्थ अर्जावर जाहीर करा. लपवले तर दंड होऊ शकतो. मलेरिया फिजीत नाही, पण डेंग्यू आहे. म्हणून डासांचं मलम बॅगेत हवंच.

थोडक्यात

दोन रात्री नांदी, तीन-चार दिवस कोरल कोस्ट आणि सुवा बसने, मग उरलेले दिवस यासावातल्या एकाच बेटावर, आणि शेवटची रात्र पुन्हा नांदीत. अशी आखणी केली तर बोटीचं भाडं एकदाच पडतं आणि जेवणाची सक्तीही फक्त बेटावरच्या दिवसांपुरती राहते. खोली बुक करण्याआधी तिथल्या लोकांना तीन प्रश्न विचारा: बोट किती, जेवण किती, कार्ड चालतं का? ही उत्तरं मिळाली की रीलमधला दर तुमच्यासाठी खरा आहे की नाही, ते तुम्हालाच कळेल.