राणीछाप रुपया घ्यावा की नाही?

"नावाला बट्टा लागला" असं आपण बोलता बोलता म्हणतो. बट्टा हा मूळचा सराफाच्या पेढीवरचा शब्द. इंग्रजी अंमलाच्या आधी आपल्या मुलखात एकच रुपया नव्हता. पुण्याकडे अंकुशी, नाशिककडे चांदवडी, निजामाच्या हद्दीत आणखी निराळा. प्रत्येकात चांदी कमीजास्त. मग पोतदार किंवा सराफ तो वाजवून बघायचा, वजन करायचा, संशय आला तर छिन्नीने टोचा मारून आत तांबं तर नाही ना, हे पाहायचा. चांदी हलकी निघाली किंवा नाणं झिजलेलं असलं की किमतीतून कापून घ्यायचा. तो बट्टा.

1835 साली कंपनी सरकारने कायदा करून एकच रुपया ठरवला. वजन 180 ग्रेन, म्हणजे 11.66 ग्रॅम. बारा भागांत अकरा भाग चांदी, एक भाग भेसळ. यंत्रावर पाडलेला, सगळीकडे सारखा, म्हणून लोक त्याला कलदार म्हणू लागले. 1840 पासून त्यावर व्हिक्टोरियाचं डोकं आलं, तोच आपला राणीछाप. पुढे राजे बदलले, पण चांदीचं प्रमाण 1939 पर्यंत तेच राहिलं. 1940 मध्ये, युद्धाच्या काळात, ते निम्म्यावर आणलं आणि 1947 चा रुपया तर निकेलचा निघाला. चांदी औषधालाही नाही.

एवढा इतिहास सांगायचं कारण असं की आमच्या भागातल्या एका गटाने गावच्या शाळेत जुन्या वस्तूंचं कपाट मांडलंय. पायली आहे, अधोली आहे, चिमणी कंदील आहे. आता त्यांना एक राणीछाप रुपया हवाय. आठवडी बाजारात एकाने 1862 चा दाखवला. म्हणाला, दीडशे वर्षांचा आहे, मागाल तेवढे मिळतील. पैसे गटाच्या खात्यातून जाणार, म्हणजे बैठक आली, ठराव आला, आणि उद्या एखादीने विचारलं तर अध्यक्षबाईंना उत्तरही द्यावं लागणार.

नाणी जमवणारे लोक मोठी किंमत देतात ती दोन गोष्टींची, दुर्मिळपणाची आणि झीज किती झालीय याची. ही झीज तपासून दर्जा ठरवणाऱ्या संस्था आहेत. त्या नाणं प्लॅस्टिकच्या डबीत सीलबंद करतात, वर दर्जा आणि क्रमांक घालतात. याला ग्रेडिंग म्हणतात. बाजारातल्या नाण्याला असली डबी नसते. त्याचा दर्जा म्हणजे विकणाऱ्याची जीभ!

आणि नुसतं जुनं म्हणून महाग, हे तर मुळीच खरं नाही. 1862 चंच घ्या. टाकसाळीने त्या वर्षानंतर नाण्यावरचा आकडाच बदलला नाही, 1874 पर्यंत 1862 हेच साल पाडत राहिले. मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून जाणकार त्यातला फरक ओळखतात. म्हणजे हे नाणं ढिगाने सापडणारं आहे.

मग हिशेब कसा मांडायचा? 11.66 ग्रॅममध्ये शुद्ध चांदी साधारण 10.7 ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा ग्रॅमचा भाव काढायचा आणि गुणायचं. समजा ग्रॅमला 100 रुपये धरले, तर नाण्यात 1,070 रुपयांची चांदी. 1940 नंतरचा चांदीचा रुपया असेल तर जेमतेम 583 ची. विकणारा याच्या वर जेवढं मागतो, तेवढे पैसे आपण नुसत्या शब्दावर देतो. माझं मत विचाराल तर शाळेच्या कपाटासाठी ते देऊ नयेत. आपल्याला ते पुन्हा विकायचंय थोडंच!

घेण्याआधी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर ठेवा. झिजलेलं नाणं थोडं हलकं भरतं, पण फार कमी किंवा 11.66 च्या वर भरलं तर सोडून द्या. लोहचुंबक लावा, चिकटलं तर चांदी नाही. कडेला ओतकामाची शिवण दिसते का, बघा. राम-सीता-मारुती आणि ईस्ट इंडिया कंपनीचं नाव असलेली '1818' ची नाणी तर नकोच. कंपनीने असलं चलन कधी काढलंच नव्हतं. "पाया खणताना सापडलं" असं कोणी कानात सांगितलं तर हात जोडून परत पाठवा. जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांवरच्या ठेव्याची खबर कलेक्टरला देणं 1878 च्या कायद्याने बंधनकारक आहे.

आणि घासूनपुसून लख्ख केलेल्या नाण्यापेक्षा मी तर वर कडीच्या जोडाची खूण असलेलं नाणं घेईन. नाणी जमवणारे त्याला नाक मुरडतात, म्हणून ते स्वस्तात मिळतं. पण ती खूण म्हणजे ते नाणं कुणा बाईच्या गळ्यातल्या माळेत होतं. बँक नव्हती, गट नव्हता, गळ्यातले रुपये हीच शिल्लक. 1893 पर्यंत कोणीही चांदी टाकसाळीत नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शकत असे. 1876 ते 78 च्या मोठ्या दुष्काळात दख्खनच्या गावागावांतून बायकांच्या अंगावरची चांदी धान्यासाठी विकली गेली. सावकार-सराफांच्या हातून ती मुंबईच्या टाकसाळीत गेली आणि तिचे रुपये झाले. कुणाच्या वाळ्या, कुणाच्या पाटल्या, सगळं एकाच मुशीत.

तेव्हा गटाने नाणं घेतलंच, तर कपाटातल्या चिठ्ठीवर साल, वजन आणि दिलेली किंमत लिहा. कडीची खूण असेल तर तीही लिहा, कारण मुलं पहिल्यांदा तेच विचारतील, की हे इथे असं का खरवडलंय?