परक्या भट्टीचा उजेड

भंडाऱ्याजवळचे आमचे जवाहरनगर १९६० च्या दशकात आयुध निर्माणीच्या आधाराने वसले. एका कारखान्यावर अवघी वसाहत कशी जगते, हे आम्हांस निराळे सांगावयास नको. म्हणूनच गोव्याच्या खाणपट्ट्याचा इतिहास आम्हांस परका वाटत नाही. फरक एवढाच, की तेथील गावांना पोसणाऱ्या भट्ट्या दूर जपानमध्ये धगधगत होत्या.

१९४५ साली जपान बेचिराख झाला होता. लोहखनिजाचे मोठे साठे त्याच्यापाशी नव्हते. होती ती शिकलेली, काटकसरी माणसे. घराघरांतील बचत बँकांमार्फत कारखान्यांचे भांडवल झाली. १९५० साली सुमारे ५० लाख टन पोलाद करणारा हा देश १९७३ साली सुमारे १२ कोटी टनांवर पोहोचला.

या भट्ट्यांना गोव्यानेही खनिज पुरविले. पोर्तुगीज अमदानीतच, १९५० च्या दशकात, डिचोली, सत्तरी व सांगे भागांतील माती मांडवी-जुवारीच्या पात्रातून मुरगाव बंदरात आणि तेथून जपानला जाऊ लागली. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावरही हा व्यापार वाढतच गेला. घरांत पैसा आला; शेतांत मात्र खाणींचा तांबडा गाळ साचत राहिला.

१९७३ च्या तेलसंकटाने जपानची घोडदौड मंदावली. १९८५ च्या प्लाझा करारानंतर येन महागला. निर्यातीस बसलेला धक्का सावरण्यासाठी कर्ज स्वस्त करण्यात आले, आणि तो पैसा जमिनींच्या व शेअरांच्या सट्ट्यात शिरला. १९८९ च्या अखेरीस निक्केई निर्देशांक ३८,९१५ वर पोहोचला. मग फुगा फुटला. ती उंची पुन्हा गाठावयास २०२४ साल उजाडले.

गोव्याला पुढे चीनचे गिऱ्हाईक मिळाले आणि खोदाईला धरबंध राहिला नाही. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले. कर्ज काढून घेतलेले ट्रक दारांत उभे राहिले. लिलावानंतर २०२४ पासून काही खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्या आहेत; परंतु जहाजांतून गेलेला डोंगर परत येत नाही.

जपानची भरभराट ओसरली, तरी त्याच्या कामगारांच्या हातांतील कसब उरले. भरतीच्या दिवसांत आपण मुलांच्या हाती काय देतो, हा प्रश्न म्हणूनच आम्हां वसाहतकरांनाही आज, पगार वेळेवर येत असतानाच, स्वतःला विचारावा लागेल.