बारा बोल, बारा!

माझे दादा, म्हणजे वडिलांचे वडील, १९२३च्या सुमारास सोलापूरच्या एका गिरणीच्या दारात उभे राहिले, तेव्हा ते दहा वर्षांचे होते. भरलेल्या बॉबिनी उतरवून रिकाम्या चढवायचे काम मिळणार होते. थोरला भाऊ नवव्या वर्षीच त्या कामाला लागला होता. मधल्या काळात, १९२२ साली कायदा बदलला आणि किमान वय नऊवरून बारा झाले. आदल्या रात्री अम्मांनी त्यांना पढवून ठेवले, “बारा बोल, बारा!” डॉक्टरांनी वय विचारलेच नाही. तोंड उघडायला लावले, दात पाहिले आणि दादांना परत पाठवले.

दादा हा किस्सा हसत हसत सांगत. पुढे त्या कायद्याचा इतिहास वाचला, तेव्हा मला मात्र हसू आले नाही.

हिंदुस्थानातला पहिला कारखाना कायदा १८८१चा. सोराबजी शापूरजी बंगाली यांनी त्यासाठी मुंबईत आवाज उठवला होता. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही इथल्या स्वस्त मजुरीची धास्ती होती. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक राष्ट्रीय वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला. मुलांची बाजू मागे पडली. कायद्याने दिले काय? सात वर्षांखालच्या मुलांना बंदी आणि सात ते बारा वयाच्या मुलांना रोज नऊ तास काम! १८८४ साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. रविवारची सुटी आणि दुपारची अर्धा तास विश्रांती या मागण्यांच्या अर्जावर साडेपाच हजार कामगारांनी सह्या केल्या. १८९१च्या कायद्यात मुलांचे किमान वय नऊ झाले आणि कामाचे तास सात.

म्हणजे चाळीस वर्षांत वय सातावरून बारावर आले. हे थोडे नव्हे. पण परत पाठवलेले मूल जाते कुठे, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. माझे दादा हातमागाच्या एका कारखान्यात कांड्या भरायला बसले. तिथे कारखाना कायदा लागू नव्हता, डॉक्टर नव्हता, तासांचा हिशेबही नव्हता. शाळेचे म्हणाल, तर १९१८च्या कायद्याने नगरपालिकांना सक्तीचे शिक्षण सुरू करायची मुभा दिली होती, बंधन घातले नव्हते. शेजारच्या कोल्हापुरात मात्र शाहू महाराजांनी १९१७ सालीच मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा निर्णय घेतला होता.

मुलाचा हक्क त्याच्या आईच्या चुलीशी बांधलेला असतो. त्या काळी गिरणीत जाणाऱ्या कितीतरी बाया तान्ह्याला अफूची बाळगोळी चाटवून निजवत. ती माया नव्हती, असे कोण म्हणेल? रोज बुडाला तर संध्याकाळी भाकर नव्हती. १९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी नेमके हेच सांगितले. बाळंतिणीला विश्रांती मिळणे हे देशाच्या हिताचे आहे आणि म्हणून त्याचा भार बऱ्याच अंशी सरकारनेही उचलावा. १९२९ साली कायदा झाला, भार मात्र गिरणीमालकांवरच राहिला.

स्वातंत्र्यानंतर उमज वाढली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशाने प्राथमिक शाळांत शिजवलेले जेवण आले. २००९च्या कायद्याने सहा ते चौदा वयाच्या मुलांना शिक्षणाचा हक्क दिला. नुसत्या मनाईपेक्षा ताटाने मूल शाळेत टिकते, हे गरिबाच्या घरात वाढलेल्याला वेगळे सांगावे लागत नाही. २०१६च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवायला सर्वत्र बंदी केली. पण एक फट ठेवली: शाळा सुटल्यावर आणि सुटीत घरच्या उद्योगाला हातभार लावायला मुभा आहे, काम तेवढे धोक्याचे नसावे.

ती फट दिसली की मला कांड्या भरणारे दादा दिसतात. घरच्या कामात आईबापांकडून शिकणे वेगळे आणि घराच्या आडोशाला दिवस विकणे वेगळे. दोहोंतला फरक पाहायला त्या घरात कोण जाणार?

दादांना शेवटपर्यंत सही करता आली नाही. अंगठा उठवताना ते एवढेच म्हणत, “डॉक्टर सच्चा था. पर आगे का रास्ता किसी ने नहीं दिखाया.”

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)